करणीवालीचा डाव

अकोला, ११ जुलै १९५९

गोवर्धन,

पत्र मिळालं. मी दलदलीत कमरेइतकी रुतले, डबीत दोनच गुंजा उरल्या, आणि डोमाजी-पंचफुला मला तिथेच सोडून किल्ल्याकडे निघून गेले. का, तर माझं उत्तर वेळेवर आलं नाही. अरे, टपाल काय मी डोक्यावर घेऊन येते? इथून बुधवारीच टाकलं होतं. तुम्ही तिघं तुमच्या मळ्यातल्या ओट्यावर बसून माझी दोन दिवस वाट बघू शकत नव्हता?

आणि मला एक सांग. अमरावतीला होते तोवर माझ्या कवड्या मी माझ्या हातानं टाकायचे. आता बाबांची बदली झाली म्हणून मी इथून लिहायचं, 'काळी फुंकर मारते', तू तिथे माझ्या नावानं सहा कवड्या टाकायच्या, आणि आठवड्यानं मला कळवायचं की सगळ्या पालथ्या पडल्या. दर वेळी? डोमाजीच्या कधी पडत नाहीत पालथ्या. तू खोटं लिहितोस असं मी म्हणत नाही. पण मला दिसत नाही, आणि दिसत नसताना सारखं हरायचं म्हणजे माणसाचं डोकं फिरतं.

हे खेळातलं राज्य तू काढलंस तेव्हा आपण आठवीत होतो. तू चिंचेवरून पडून पाय मोडून घेतला होतास आणि पडल्यापडल्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढलास. डोमाजीनं तलवार घेतली. पंचफुलानं धनुष्य घेतलं, वर जडीबुटीची पिशवीही तिलाच. मी घरची भांडी घासून येईपर्यंत एकच सोंग उरलं होतं, करणीवालीचं. 'तू घे, तुला शोभेल,' असं तू म्हणालास. का शोभेल, हे तेव्हा मला विचारता आलं नाही. आता विचारावंसं वाटतं, पण तू उत्तर देणार नाहीस.

मी तिला काजळी नाव ठेवलं आणि ती माझी झाली, ही गोष्ट वेगळी. पण तुझे नियम बघ. प्रत्येकाच्या डबीत वीस गुंजा, त्या म्हणजे प्राण. डोमाजीनं दिवसभर तलवार फिरवली तरी त्याची एक गुंज जात नाही. मी मंत्र टाकला की माझ्याच तीन जातात. लागला तरी जातात, चुकला तरी जातात. पंचफुला डोमाजीला जडीबुटी देऊन पुन्हा उभा करते. मला देऊ शकत नाही, कारण करणीवालीचं रक्त काळं. आणि आता म्हणे दिवसा करणी चालत नाही. हा नियम कधी झाला? मी इथे आल्यावर. मला न विचारता. आणि एवढं करून किल्ल्यातल्या चतुरा राणीला तलवार लागत नाही, बाण लागत नाही, तिला लागते फक्त करणी! म्हणजे मरायचं मी, आणि किल्ल्यावर झेंडा लावायचा डोमाजीनं.

गंमत सांगते. इथे आमच्या खोलीला लागून खरीच एक चतुराबाई राहते. आमच्याच समाजाची. मुलगा कापसाच्या जिनिंगात कामाला, सून शालू माझ्याच वयाची, चौथी शिकलेली, आणि वर्षाचा नातू आनंद. आधीचे दोन नातू गेले, म्हणून म्हातारी याला कडेवरून खाली ठेवत नाही. तिला बघितलं की तुझी राणी आठवते आणि मला तोंड फिरवून हसावं लागतं.

एक काम कर. यापुढे बंद पत्र पाठव, राज्याचं काही कार्डावर लिहू नकोस. इथला पोस्टमन रांगेतल्या कुठल्याही दारात सगळ्यांचं टपाल देऊन मोकळा होतो. बाबांना मी काही सांगितलेलं नाही. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले त्या दिवशी त्यांनी घरातले देव, ताईत, काळे दोरे, सगळं टोपलीत भरून नदीत सोडलं, ते तू पाहिलं आहेस. दर रविवारी ते रांगेतल्या लोकांना ओट्यावर बसवून सांगतात की भूत नाही, करणी नाही, आपण आता माणसं आहोत. आणि मी त्यांच्याच पेटीवर कागद ठेवून मुडदे उठवते.

दलदलीतून कसं निघायचं ते कळव.

मैना


अकोला, ३ ऑगस्ट १९५९

गोवर्धन,

कसं निघायचं ते कळवलं नाहीस. 'तूच विचार कर' म्हणालास. केला.

मी दलदलीतून निघतच नाही. काजळी तिथूनच मंत्र टाकते. राणीला नाही, राणीच्या पोराला. तिच्याभोवती सात वेढे आहेत असं तू लिहिलंस, पोराभोवती एकही लिहिला नाहीस. मी तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली, कुठेही नाही. मंत्र तापाचा. चतुरा राणी पोरासाठी वेढा सोडून बाहेर येईल, मग तिला धरायचं.

मंत्राला तीन गुंजा लागतात आणि माझ्याकडे दोन आहेत, हे तू लगेच म्हणशील. काजळी आपले केस कापून देते. कमरेखाली येतात असं तूच वर्णन केलं होतंस. केसांची एक गुंज धर. नाही धरलीस तर मी समजेन की तुला मी जिंकायलाच नको आहे.

डोमाजीला सांग, यात त्यानं मधे पडायचं नाही.

इथे मला करमत नाही. बाबा सकाळी वजनमापे कचेरीत जातात, नव्या किलोच्या मापांवरून बाजारात लोकांच्या शिव्या खातात आणि संध्याकाळी गप्प येतात. अंजनगावच्या एका घरून माझ्यासाठी विचारणं आलं आहे. मला मास्तरणीचं शिक्षण घ्यायचं आहे म्हटलं तर आई म्हणते, आधी ते लोक येऊन तर जाऊ दे. तुमच्या मळ्यात आता शेवंती लावली असेल. वामनकाका अजून सकाळी भजन म्हणतात का?

बंद पत्र पाठव.

मैना


अकोला, २१ ऑगस्ट १९५९

गोवर्धन,

तुझं कार्ड आलं. कार्ड.

मी दोनदा लिहिलं होतं. तुला वाचता येत नाही का?

पोस्टमन आला तेव्हा मी नळावर होते. त्यानं ते शालूच्या हातात दिलं. तिनं सासूला वाचून दाखवलं. चौथी शिकलेल्या बाईनं अडखळत वाचलं असेल, एकेक अक्षर सुटं करून. मला आता ते पाठ झालं आहे:

'शाबास मैना! तुझी करणी लागली. सहाच्या सहा कवड्या उताण्या. चतुरेचं पोर तापानं फणफणलं आहे, वैद्य हरले. तिसऱ्या आठवड्यात जाईल. आता चतुरा आपल्या पाया पडत येईल बघ.'

गोवर्धन, इथे आनंदला पाच दिवसांपासून ताप आहे.

मी घागर घेऊन आले तर चतुराबाई आमच्या दारात उभी. हातात कार्ड. मला वाटलं आमचं टपाल द्यायला आली. मी हात पुढे केला. ती म्हणाली, "काहून केलं वं माह्या लेकराले? काय घोडं मारलं होतं त्यानं तुहं?" मला आधी कळेचना. मग कार्ड वाचलं आणि मला हसू आलं. खरंच सांगते, हसू आलं. इतका वेळ काही नाही आणि एकच करणी लागली ती ही! ते हसू तिनं पाहिलं. रांगेतल्या आणखी चारजणींनी पाहिलं. त्यानंतर मी काय सांगत होते ते कुणी ऐकलं नाही. "खेळ हाये, चतुराबाई, खेळातली राणी हाये," असं मी म्हणत होते, आणि ती म्हणत होती, "खेयात माह्यं नाव कायले?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुझ्याकडे आहे. नाव तू ठेवलंस.

बाबांना संध्याकाळी कळलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी कार्ड दिव्याजवळ धरून वाचलं, पालथं केलं, पत्ता वाचला, आणि विचारलं, "वामनरावाचा पोरगा?" मी हो म्हटलं. मग त्यांनी जेवण केलं नाही.

तू ये. नकाशा घेऊन ये, कवड्या आण, गुंजांच्या डब्या आण, माझी सगळी पत्रं आण. बडनेऱ्याहून गाडीत बसलास की दुपारच्या आत इथे. या लोकांसमोर तो कागद पसरून सांग की ही राणी मी केली, हे नाव मी ठेवलं, आणि हा सगळा पोरखेळ आहे. माझ्या तोंडून ते खरं वाटत नाही. तुझ्या तोंडून वाटेल. तू परका आहेस, मळेवाल्यांचा आहेस, कॉलेजात जातोस.

गुरुवारी ये. गुरुवारी नाही जमलं तर शुक्रवारी.

मैना


अकोला, ३० ऑगस्ट १९५९

गोवर्धन,

मी गुरुवारी स्टेशनवर गेले होते. शुक्रवारीही गेले. शनिवारी तुझं पत्र आलं, या वेळी बंद.

तू लिहितोस की शेवंतीचे शेंडे खुडायचे दिवस आहेत. लिहितोस की वामनकाकांनी विचारलं, ही कोण मैना, त्या देवमनची पोरगी का, तिच्याकडे अकोल्याला कशाला जायचं. लिहितोस की लोक काय, चार दिवस बोलतील आणि विसरतील. आणि शेवटी, 'तू मन लहान करू नकोस, पुढच्या डावात मी तुला पाच गुंजा जास्त देतो.'

ही ओळ मी आईला वाचून दाखवली. आईला खेळातलं काही कळत नाही, तरी तिनं विचारलं, "तो पागल हाये का?"

तू नाही आलास, पण डोमाजी आला. तू माझं पत्र त्या दोघांना दाखवलंस म्हणे, आणि तो दुसऱ्या दिवशी मोटारीत बसला. नकाशा त्याला दिला नाहीस, 'फाटेल' म्हणालास. रिकाम्या हातानं आला बिचारा. त्यानं यायला नको होतं असं म्हणण्याइतकी मी कृतघ्न नाही, पण त्यानं काय केलं ते ऐक. ओट्यावर उभा राहून सगळ्यांना म्हणाला, "अहो, आमच्या राज्यात मैना लय जबर करणीवाली हाये! हिच्यावाचून आमचं पानही हालत नाही. पण हे सगळं आमच्या राज्यातलं हाये, तुमच्याइथलं नाही." दोन म्हाताऱ्या उठून घरात गेल्या. एकीनं आपल्या नातवाच्या कपाळाला काजळाचं बोट लावलं. आम्ही इथे आल्यापासून रांगेत कुणी असलं बोट लावलं नव्हतं, बाबांनी ते सोडवलं होतं.

डोमाजीला कळलं की चुकलं. मोटारीपर्यंत मी पोचवायला गेले तर म्हणाला, "मैना, मले तलवारीशिवाय काही येत नाही वं." मला रडू आलं आणि त्याचा रागही आला.

आनंद आता डोळे उघडत नाही. बाबा रोज सकाळी कचेरीत जाण्याआधी त्यांच्या दारात जातात. "मुदतीचा ताप हाये, सरकारी दवाखान्यात याच्यावर गोळ्या हायेत, चाला, मी संगं येतो." चतुराबाई दार लावून घेते. नदीपलीकडचा एक भगत आहे, त्यानं सांगितलं आहे की ही करणी आहे, दवाखान्याची सुई टोचली तर करणी उलटेल आणि पोर जागीच जाईल. तो पोटावर तापल्या सळईचे डाग देणार आहे. येत्या अवसेला न्यायचं ठरलं आहे.

त्या दोन नातवांनाही त्यानंच डाग दिले होते. शालूनं मला भिंतीपलीकडून सांगितलं. ती माझ्याशी तोंडानं बोलत नाही, भिंतीशी बोलते.

तुला आता ये म्हणत नाही.

मैना


अकोला, ८ सप्टेंबर १९५९

गोवर्धन,

हे पत्र मी का लिहिते आहे ते मला माहीत नाही. ज्याला सांगायचं ते ऐकत नाहीत, आणि तू निदान वाचशील.

अवसेच्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात बैलगाडी जुंपून उभी होती. शालू पोराला पदराखाली घेऊन गाडीत बसली होती. पोराचे ओठ काळे पडलेले, डोळे अर्धे उघडे, मान लुळी. बाबा गाडीची साटी धरून उभे होते. कचेरीचा कोट अंगात, डबा हातात. "बाई, आपण प्रतिज्ञा घेतल्या. भगताची पायरी चढायची नाही असं तुमी माह्यासमोर बोलल्या."

चतुराबाई म्हणाली, "प्रतिज्ञा वाचवते का माह्या लेकराले? सांगा. वाचवते का?"

बाबा म्हणाले, "औषध वाचवते."

"आन् औषधानं करणी उलटली तर?"

"करणी नसते, बाई. नसतेच."

त्यांचं सगळं बरोबर होतं. आणि गाडीवान कासरा ओढत होता.

मी पुढे गेले आणि म्हणाले, "चतुराबाई, मीच केलं."

बाबा माझ्याकडे वळले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर पुढे बोलता आलं नसतं. मी पोराकडे बघत बोलले. आवाज काजळीचा काढला. तुमच्या ओट्यावर काढायचे तो, पंचफुला कानांवर हात ठेवायची तो.

"मी लावलं आन् मीच काढीन. पण ह्या करणीले भगताचा डाग चालत नाही. डाग देला तर लेकरू वाटेतच जाईन. हे फक्त सरकारी दवाखान्यातल्या सुईनं उतरते. डाक्टर सांगन तोवर तठून हालवाचं नाही. हालवलं तर पुन्हा चढन."

सगळी रांग बाहेर आली होती.

चतुराबाईनं माझ्या तोंडाजवळ तोंड आणून विचारलं, "आन् खोटं बोलत असशीन तं?"

"तं मी अठीच हावो. कुठी पळून चालली?"

तिनं माझ्या डोळ्यांत किती वेळ बघितलं कोण जाणे. मग ती गाडीवानाला म्हणाली, "फिरव गाडी. दवाखान्यात चाल."

मी गाडीमागून चालत गेले. बाबाही आले, पण रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं. डॉक्टर शालूवर खेकसले, इतके दिवस काय करत होता म्हणून. सुई दिली, गोळ्या दिल्या, पोराला आत घेतलं. चतुराबाई मला दारापासून हलू देईना. "तू अठीच बस. तुह्यावाचून उतरन कसं?" मग मी बसले. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथल्या पायरीवर. येणारे जाणारे माझ्याकडे बोट दाखवून आपसात बोलायचे. काल ताप उतरला. आनंदनं दूध मागितलं.

शालू बाहेर आली आणि माझ्या पाया पडली. मी पाय ओढून घेतले तर ती घाबरली, तिला वाटलं मी रागावले.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. अवसेच्या संध्याकाळी एवढंच म्हणाले, "तीन वर्षं मी आपल्या लोकांच्या डोक्यातून जे काढत होतो, ते तू एका सकाळी परत भरलं." मी म्हटलं, पण बाबा, पोर. ते म्हणाले, "हो. पोर." आणि चपला घालून बाहेर गेले.

मैना


अकोला, २४ ऑक्टोबर १९५९

गोवर्धन,

दीक्षेच्या दिवसाची सभा झाली. बाबांनी मला आदल्या दिवशी सांगितलं, सगळ्यांसमोर उभं राहून खरं काय ते बोल. मला तेच हवं होतं. मी पांढरं पातळ नेसून उभी राहिले आणि पहिल्यापासून सांगितलं. चिंचेवरून पडलेला मुलगा, नकाशा, कवड्या, गुंजा, राणीचं नाव, कार्ड. चतुराबाईच्या दारात बोलले ते खोटं होतं, पोराला औषधानं वाचवलं, मी फक्त गाडी फिरावी म्हणून बोलले, हेही सांगितलं. इतकं नीट मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

मी बसले तशी चतुराबाई उठली. आनंद कडेवर. म्हणाली, "पोरगी बापाले भिते म्हणून असं बोलून राह्यली. तिनं लावलं, तिनं काढलं. म्या माह्या डोयानं पाह्यलं. खोटं असतं तं हे लेकरू अठी असतं का?"

आणि लोकांनी माना डोलवल्या! मी पुन्हा उठले, पुन्हा सांगितलं. जितकं सांगावं तितकी त्यांची खात्री वाढत होती. शेवटी बाबांनीच मला हातानं खूण केली, बस.

दुसऱ्या दिवशी दोन बाया आल्या. एकीला नवऱ्याची दारू सोडवायची होती, दुसरीला लेकरू हवं होतं. बाबांनी त्यांच्या तोंडावर दार लावलं. अंजनगावच्या स्थळानं नकार कळवला. करणीवालीचं घर, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. आईनं रडून घेतलं. मला त्याचं काही वाटलं नाही, पण तेही मी कुणाला सांगू शकत नाही, कारण मग म्हणतील, पहा, तिनंच मोडलं.

मी मास्तरणीच्या शिक्षणासाठी अर्ज केला आहे. बाबांनी सही केली. वर न बघता केली.

तू विचारलंस की काजळी दलदलीतून निघाली, आता पुढे काय करते. काही करत नाही. मला पुन्हा लिहू नकोस.

मैना


धारणी, १७ जुलै १९६२

गोवर्धन,

तुझं पत्र अकोल्याहून फिरून इथे आलं. पाकिटावर आईच्या हातचं तेलाचं बोट आहे. मी गेल्या वर्षापासून इथल्या प्राथमिक शाळेत आहे. मुलं बहुतेक कोरकू आदिवासींची. त्यांना माझं मराठी कळत नाही आणि मला त्यांचं बोलणं निम्मं कळतं. दिवसभर आम्ही एकमेकांवर वैतागतो आणि संध्याकाळी सगळी मला घरापर्यंत सोडायला येतात. रस्ता पावसात बंद होतो. पत्र आलं तेही जीपवाल्याच्या कृपेनं.

वामनकाका गेल्याचं वाचून वाईट वाटलं. तू आता मळा बघतोस, नकाशा ट्रंकेत तसाच आहे, आणि पंचफुला सासरहून पत्रानं खेळायला तयार आहे, हेही कळलं. 'आपण पुन्हा सुरू करू, या वेळी नियम तू कर,' असं लिहितोस. आणि माफी मागतोस. चांगली मागितली आहेस, दोन पानं भरून.

तुला एक सांगते. परवा बाबा आले. न कळवता. तीन वर्षं ते माझ्याशी कामापुरतं बोलत होते. सुटीत मी घरी गेले की तब्येत विचारायचे आणि बाहेर जायचे. जीपमधून उतरले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल. मी वर्गात होते. ते मागे जाऊन मुलांमध्ये बसले, टोपी मांडीवर ठेवून. मुलं त्यांना बघून खिदळत होती. मी पाढे घेत राहिले, दुसरं काय करणार.

शाळा सुटल्यावर विहिरीपाशी पाय धुताना त्यांनी सांगितलं की आनंद आता बालवाडीत जातो. चतुराबाई थकली, पण अजून दर सणाला आमच्या दारात येते, मी घरी नसले तरी उंबऱ्याला हात लावून जाते. मी म्हटलं, बाबा, तुम्ही तिला बोलत का नाही? ते म्हणाले, "बोलतो. दर खेपेला बोलतो."

मग तांब्या खाली ठेवला.

"त्या दिवशी मी खरं बोलत होतो, मैना."

मी म्हटलं, हो बाबा.

"आन् खरंच बोलत राह्यलो असतो. गाडी भगताकडं गेली असती. लेकरू गेलं असतं. आन् मी घरी येऊन तुह्या आईले म्हटलं असतं, मी तं सांगतलं होतं."

तीन वर्षं मी त्यांना द्यायची उत्तरं मनात घोळवली होती, भांडणाची. त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

"तू केलं ते मले अजून पटत नाही," ते म्हणाले. "पण माह्यावर असतं तं लेकरू गेलं असतं. हे मले कोणापाशी बोलता येईना. म्हणून आलो."

एवढं बोलून ते पायावरचा चिखल चोळत बसले, चिखल केव्हाच गेला होता तरी.

आता तुझं. माझा राग गेला का, असं तू विचारतोस. नाही गेला. कार्डाचा गेला, घाईत होतं असं कुणाकडूनही. नियमांचाही गेला. मी बोलावलं आणि तू पाच गुंजा पाठवल्यास, तो नाही गेला. तू आला असतास तरी त्या लोकांनी ऐकलं असतं असं नाही. डोमाजी येऊन काही झालं नाही. पण दोन दिवस स्टेशनवर उभं राहून मी डब्यांमधून उतरणारी माणसं बघत होते, आणि तेव्हा मला नकाशा नको होता, गोवर्धन. हे तुला तेव्हाच कळायला हवं होतं. आता लिहून काय होणार, पण दोन पानांच्या माफीत ते कुठेच नाही, म्हणून लिहिलं.

मी खेळणार नाही. पंचफुलाला माझा नमस्कार सांग. तुझ्या आईंना जप, त्यांना दमा आहे.

इतकंच. बाबा चूल पेटवून चहा करताहेत. मी त्यांना आयुष्यात कधी चूल पेटवताना पाहिलं नाही. धूर झाला आहे सगळीकडे, साखर कुठे आहे म्हणून दोनदा ओरडले, आता तिसऱ्यांदा ओरडतील. उठते.

मैना